बहिणीचा हिस्सा आणि माझे पापनिवेदन

वडिलांच्या निधनानंतर मुलीने भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून द्यायचे, ही रीत महाराष्ट्रातील इतर अनेक समाजांप्रमाणे वसईच्या आम्हा ख्रिस्ती कुटुंबांतही रुळलेली आहे. ती इतकी अंगवळणी पडलेली आहे, की तिच्या आडून आपण पाप करत असू ही शंका माझ्या मनाला कितीतरी वर्षे शिवली नाही. कायदा मात्र स्पष्ट आहे. आम्हाला लागू असलेला भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ सालचा आहे. त्यानुसार मृत्युपत्र न करता वारलेल्या आणि मागे पत्नी नसलेल्या ख्रिस्ती माणसाची मालमत्ता त्याचे मुलगे आणि मुली यांच्यात सारखी वाटली जाते. मुलीचे लग्न झाले आहे की नाही, याचा त्यात विचारही होत नाही. आमची आई वडिलांच्या आधीच देवाघरी गेली होती आणि आम्ही तीन भावंडे होतो: थोरले बंधू, मी आणि धाकटी बहीण. म्हणजे वडिलांच्या मागे राहिलेल्या वाडीचा, त्या बागायती जमिनीचा, तिसरा हिस्सा तिचा होता.

हक्कसोडपत्राचा मसुदा बंधूंनी वकिलाकडून करून आणला, पण तो घेऊन बहिणीच्या घरी मी गेलो. सातबाऱ्यावर वारसांची नावे लागायची आहेत, कागद सुटसुटीत झाले म्हणजे पुढे कटकट नको, एवढेच मी तिला सांगितले. वाडी विकत घेणारा माणूस तोपर्यंत आमच्याकडे येऊन गेला होता आणि भावही जवळपास ठरला होता, हे मी सांगितले नाही. वसई-विरार महानगरपालिका २००९ साली अस्तित्वात आल्यानंतरच्या काळात आमच्या भागातील जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले होते, आणि ते तिला ठाऊक नव्हते असे नाही. पण आपले भाऊ वाडी विकतील हे तिच्या स्वप्नातही नव्हते. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात तिने फोटो काढून घेतला, अंगठा उमटवला, सही केली आणि माझ्या मुलांसाठी आणलेला खाऊ माझ्या हातात देऊन ती सासरी परत गेली. पुढे वाडी विकली गेली. आलेले पैसे आम्ही दोघा भावांनी निम्मे निम्मे वाटून घेतले.

ही हकीकत लिहिताना माझ्या मनात एकच प्रश्न आहे आणि तो माझ्यासारख्या नियमाने चर्चला जाणाऱ्या माणसांनी स्वतःला विचारावा असे मला कळकळीने वाटते. मधल्या सर्व वर्षांत मी पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूंपुढे आपल्या पापांची कबुली, करत होतो. वर्षातून किमान एकदा आपल्या गंभीर पापांची कबुली द्यावी हा दंडक १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेपासून चालत आलेला आहे आणि आजच्या धर्मसंहितेतही तो आहे. मी तर नाताळापूर्वी आणि पुनरुत्थानाच्या सणापूर्वी (ईस्टरपूर्वी) असे वर्षातून दोनदा गुडघे टेकत होतो. राग केला, रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधील सामुदायिक उपासना, चुकवली, प्रार्थनेत आळस केला, मनात वाईट विचार आणले, ही माझी यादी होती आणि तिच्यातील प्रत्येक गोष्ट खरी होती. दरवेळी तीच यादी वाचल्याने मला शांतीही मिळत असे. दहा आज्ञांवरून मन तपासताना 'चोरी करू नकोस' या आज्ञेपाशी मी क्षणभरही थांबत नसे, कारण मी कुणाच्या खिशात हात घातला नव्हता आणि दुकानाच्या हिशेबात कधी लबाडी केली नव्हती. जे पाप सर्वांच्या संमतीने, वकिलाच्या भाषेत आणि सरकारी शिक्क्यानिशी होते, ते आपले आहे असे वाटतच नाही.

आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या परिसरात, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात तीन संध्याकाळची तपसाधना, म्हणजे प्रवचन आणि प्रार्थना, असते. एका वर्षी बाहेरगावाहून आलेल्या धर्मगुरूंनी यहेज्केल संदेष्ट्याच्या अठराव्या अध्यायावर प्रवचन केले. बाबेलच्या बंदिवासात पडलेल्या यहुदी लोकांमध्ये एक म्हण प्रचलित होती, की बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. आपण भोगतो ते पूर्वजांच्या पापांचे फळ आहे, आपला त्यात दोष नाही, असा तिचा अर्थ होता. ही म्हण यापुढे इस्राएलात कुणी उच्चारायची नाही, असे देव संदेष्ट्याच्या मुखाने सांगतो. मुलगा बापाचे पाप वाहणार नाही आणि बाप मुलाचे वाहणार नाही, ज्याचे त्याने उत्तर द्यायचे आहे. हा उतारा मी पूर्वी अनेकदा ऐकला होता आणि तो दिलासा देणारा वाटला होता. त्या संध्याकाळी त्याची दुसरी बाजू माझ्या ध्यानात आली. पूर्वजांचे पाप माझ्यावर येत नसेल, तर माझे पापही मला पूर्वजांवर टाकता येणार नाही. रीत वाडवडिलांनी घातली असेल, पण बहिणीच्या ओट्यावर बसून अर्धे सत्य सांगणारे तोंड माझे होते.

घरी येऊन मी वहीत लिहायला बसलो. पापनिवेदनाची तयारी लिहून करण्याची मला सवय नव्हती, परंतु या बाबतीत तोंडी विचार केला तर मन निसटून जाईल अशी भीती वाटली. पहिल्या प्रयत्नात मी बरेच लिहिले. दुसऱ्या दिवशी ते वाचले तेव्हा त्यात बंधूंचा उल्लेख माझ्यापेक्षा अधिक वेळा आलेला दिसला. मसुदा त्यांनी केला, गिऱ्हाईक त्यांनी आणले, मी त्यांचा शब्द कधी मोडला नव्हता. त्यानंतर बहिणीचे यजमान चांगल्या नोकरीत आहेत, तिला कशाची ददात नाही, असे एक वाक्य होते. तिच्या लग्नात वडिलांनी केलेल्या खर्चाचा उल्लेख होता. शेवटी, सही तिने स्वखुशीने केली, तिच्यावर कुणी जबरदस्ती केली नाही, असेही मी लिहिले होते. यांतील एकही विधान खोटे नव्हते, आणि म्हणूनच ते लेखन धोकादायक होते. खोटे असते तर मी ते खोडले असते. खरे असल्यामुळे ते सांगण्याचा आपल्याला हक्क आहे असे वाटत होते.

या टप्प्यावर मला पवित्र शास्त्रातील दोन राजांची मोठी मदत झाली, म्हणून त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात शौल राजा देवाची आज्ञा मोडून अमालेकी लोकांची उत्तम मेंढरे व गुरे राखून ठेवतो. शमुवेल संदेष्टा त्याला जाब विचारतो तेव्हा तो आधी म्हणतो, की लोकांनी ती राखली आणि तीही देवाला यज्ञ करण्यासाठी. पुढे तो पाप केल्याचे कबूलही करतो. 'मी पाप केले' हे शब्द त्याच्या तोंडी दोनदा येतात. पण एकदा त्यांच्या जोडीला लोकांची भीती वाटल्याचे कारण येते आणि दुसऱ्यांदा, वडीलजनांपुढे माझा मान राख, अशी विनंती येते. दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात दावीद आहे. त्याचे पाप शौलाच्या पापापेक्षा माझ्या दृष्टीने कितीतरी भयंकर आहे: त्याने आपल्या सैन्यातील उरियाची पत्नी बथशेबा घेतली आणि उरियाला युद्धात मरायला लावले. नाथान संदेष्टा त्याच्यासमोर उभा राहून 'तो मनुष्य तूच आहेस' असे म्हणतो, तेव्हा दावीद परमेश्वराविरुद्ध पाप केल्याची कबुली एका वाक्यात देतो आणि थांबतो. लोक नाहीत, परिस्थिती नाही, बथशेबा नाही. मान राखण्याची विनंतीही नाही. माझ्या वहीतील पाने शौलाची होती. त्यांत कबुली होती, पण तिच्यासोबत माझी बाजू राखण्याची सोयही होती.

मी पुन्हा लिहिले. बंधूंचे नाव काढले, कारण त्यांच्या पापाची कबुली देणे हे माझे काम नव्हते. बहिणीची सांपत्तिक स्थिती काढली, कारण श्रीमंताची चोरी ही चोरीच असते. लग्नाचा खर्च काढला. तो वडिलांनी त्यांच्या पैशातून केला होता आणि माझ्याही लग्नात केला होता. तिच्या स्वखुशीच्या सहीपाशी मी बराच वेळ अडलो. शेवटी लक्षात आले, की जिच्यापासून मी माहिती लपवली तिच्या संमतीचा आधार घेणे हे त्या लपवण्याचेच पुढचे पाऊल आहे. एवढे सर्व गेल्यावर जे उरले ते फार थोडे होते. वाडी विकली जाणार आहे हे मला माहीत होते. ते कळले तर बहीण सही करणार नाही हेही मला माहीत होते. म्हणून मी ते सांगितले नाही आणि तिच्या हिश्श्याचे पैसे घेतले.

पापनिवेदनात धर्मगुरू काय बोलतात यावर गुप्ततेचे बंधन त्यांच्यासाठी आहे. तरीही त्यांचे सगळे बोलणे मी येथे मांडणार नाही. मला जे अनपेक्षित होते तेवढेच सांगतो. मी वहीतील तेवढी वाक्ये म्हटली आणि थांबलो. त्यांनी विचारले, "हे तुमच्या बहिणीला ठाऊक आहे का?" मी नाही म्हणालो. पैसे परत करण्याची माझी तयारी आहे का, हे त्यांनी विचारले आणि माझ्या होकाराची घाई न करता, तो नीट विचार करून द्या, असे सुचवले. १५५१ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने पश्चात्ताप, कबुली आणि भरपाई अशी पश्चात्तापी माणसाची तीन कृत्ये सांगितली आहेत. लहानपणी ती मी पाठ केली होती, आणि तिसरे कृत्य म्हणजे नेमून दिलेल्या प्रार्थना म्हणणे, अशी माझी समजूत होऊन बसली होती. कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथ मात्र परिच्छेद १४५९ मध्ये स्पष्ट सांगतो, की पापविमोचनाने, म्हणजे धर्मगुरूंमार्फत मिळणाऱ्या क्षमेने, पाप दूर होते, पण पापाने केलेली सगळी नासधूस त्यामुळे भरून निघत नाही; चोरलेली वस्तू परत करणे, दुखावलेल्याची हानी भरून देणे हे साध्या न्यायाचेच मागणे आहे. मला पापक्षमा मिळाली. ती माझ्या होकारावर विश्वास ठेवून, फेड पूर्ण होण्याआधीच मिळाली, याचे मला आजही अप्रूप वाटते. देवाने आधी क्षमा केली आणि मग मला हिशेबाला बसवले. उलट क्रमाने हे काम माझ्याकडून झाले असते असे मला वाटत नाही.

हिशेब सोपा नव्हता. बहिणीचा हिस्सा एकतृतीयांश. तिने हक्क सोडल्यामुळे माझा हिस्सा तिसऱ्या भागावरून निम्म्यावर गेला, म्हणजे माझ्याकडे जास्तीचा आलेला भाग सहावा होता. दुसरा सहावा भाग बंधूंकडे होता. सुरुवातीला मला वाटले, की सहावा भाग परत केला की माझे काम संपले. मग जाणवले, की तिचे नुकसान एकतृतीयांशाचे झाले आणि ते ज्या शब्दांमुळे झाले ते शब्द माझे होते. ख्रिस्ती नीतिशास्त्रात जुन्या काळापासून असे मानले गेले आहे, की एकत्र मिळून केलेल्या हानीची भरपाई एकाने टाळली तर दुसऱ्यावरील जबाबदारी वाढते. शिवाय मूळ रक्कम परत करून भागते का, हा प्रश्न होताच. लेवीय पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात फसवून घेतलेल्या वस्तूच्या भरपाईत मूळ मूल्यावर पाचवा हिस्सा अधिक घालायला सांगितले आहे. लूकच्या शुभवर्तमानातील जक्कय हा जकातदार लोकांकडून लुबाडलेले चौपट परत देण्याची तयारी दाखवतो. मी जक्कय नाही आणि तेवढी ऐपतही नाही. मी बँकेतील मुदत ठेवींच्या त्या त्या वर्षीच्या दरांप्रमाणे व्याज काढले, आणि माझ्या सहाव्या भागावर ते व्याज अधिक पाचवा हिस्सा धरला. बंधूंकडील सहाव्या भागाविषयी मी असे ठरवले, की आधी त्यांच्याशी बोलेन आणि त्यांनी नाकारले तर मूळ रकमेपुरता तोही भार उचलेन.

ही आकडेमोड पत्नीपुढे ठेवणे मला धर्मगुरूंसमोर बसण्यापेक्षा जड गेले, कारण त्या पैशांतून आमच्या घराचा वरचा मजला उभा राहिला होता आणि थोरल्या मुलाचे अभियांत्रिकीचे शिक्षण झाले होते. तिने पहिला प्रश्न विचारला तो असा, की हे तुम्ही मला तेव्हाच का सांगितले नाही. ती खरोखर अनभिज्ञ होती. आपल्या पापाचा भार ज्यांनी ते केले नाही त्यांच्यावरही पडतो हे मी प्रवचनांतून ऐकले होते. तो भार तिच्या बचतीतून वजा होताना मी प्रत्यक्ष पाहिला. तिने आक्षेप घेतला नाही. मात्र मुलांच्या नावाच्या ठेवींना हात लावायचा नाही, बाकीचे हप्त्यांनी द्यायचे, अशी अट घातली आणि ती न्याय्य होती.

वेदीपाशी अर्पण घेऊन गेल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करायला जा, असे प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे. बहिणीच्या मनात माझ्याविरुद्ध काही होते की नाही हेच मला ठाऊक नव्हते. वाडी विकल्यावर ती काही महिने आमच्याकडे आली नव्हती, पुढे पुन्हा येऊ लागली होती. मी एकटाच तिच्याकडे गेलो आणि जे पापनिवेदनात म्हटले होते तेच तिला सांगितले. तिने मधे अडवले नाही. नंतर तिने एकच प्रश्न विचारला: "भाऊ, मला खरं सांगितलं असतंस तर मी सही केली नसती, हे तुला तेव्हा माहीत होतं?" मी म्हटले, "होय, माहीत होतं." माझ्या मते या संपूर्ण प्रवासातील खरी कबुली ती होती. देवाला सर्व ठाऊकच असते. त्याच्यापुढे बोलताना आपण त्याला नवे काही सांगत नाही. बहिणीला मी नवे सांगत होतो, आणि ते ऐकून तिच्या मनातील माझे स्थान बदलणार होते.

ती रडली नाही, मला जवळही घेतले नाही. पैशांविषयी बोलण्याआधी ती वाडीतल्या बावखलाविषयी, म्हणजे तिथल्या छोट्या तळ्याविषयी, बोलली. आमच्या वाडीत गोड्या पाण्याचे मोठे बावखल होते, त्याच्या काठी आईने लावलेली सोनचाफ्याची दोन झाडे होती, आणि विक्रीनंतर ते बावखल बुजवून तेथे इमारत उभी राहिली. "माझं माहेर तू मला न विचारता विकलंस," असे ती म्हणाली. त्याची भरपाई माझ्या कोणत्याही हिशेबात बसणारी नव्हती आणि तसे मी तिला सांगितले. पैसे घेणार असल्याचे तिने स्वच्छ सांगितले. नको म्हणून मोठेपणा दाखवावा आणि मला लगेच मोकळे करावे, असे तिने केले नाही, आणि त्याबद्दल मी तिचा आभारी आहे. तिची आणखी एक मागणी होती. तिने आपणहून हक्क सोडला, अशी समजूत तिच्या सासरी आणि माझ्या मुलांमध्ये इतकी वर्षे होती, आणि त्यावरून सासरी तिला भोळी म्हणून ऐकूनही घ्यावे लागले होते. जे घडले ते मी तिच्या यजमानांना आणि माझ्या दोन्ही मुलांना माझ्या तोंडाने सांगावे, असे तिचे म्हणणे होते. मी ते केले. मेहुणे फारसे बोलले नाहीत. धाकट्या मुलाने विचारले, की आत्याने कोर्टात दावा लावला असता तर आपण काय केले असते. मी त्याला सांगितले, की बहुधा मी ती सही पुढे केली असती.

बंधूंशी बोलणे यशस्वी झाले नाही. त्यांना वाटले, की मी स्वतः चांगला ठरण्यासाठी त्यांना दोषी ठरवतो आहे. मी त्यांना एवढेच म्हटले, की मी माझ्यापुरते बोलतो आहे. तरी त्यांच्या बोलण्यात थोडे तथ्य होते हे नंतर प्रार्थनेत बसल्यावर मला मान्य करावे लागले, कारण फेडीला सुरुवात केल्यावर त्यांच्यापेक्षा आपण बरे, असा विचार मनात डोकावू लागला होता. पुढच्या पापनिवेदनात तो विचार मी वेगळा सांगितला. काही स्नेही मला म्हणाले, की क्रूसावर येशूने सगळी किंमत मोजली आहे, मग ही फेड म्हणजे कृपेवरचा अविश्वास नाही का. मी त्यांच्याशी सहमत नाही. येशू जक्कयच्या घरी उतरायला निघाला तो जक्कयने काही देऊ करण्याआधी, आणि जक्कयने देऊ केले ते त्या आनंदात. येशूने त्याला, असू दे, याची गरज नाही, असे म्हटले नाही. या घराला आज तारण प्राप्त झाले, असे म्हटले.

बहिणीने क्षमा केली का, असे मला विचारले जाते. ती आमच्या घरी येते, आम्ही मिस्साला कधी कधी एकाच बाकावर बसतो, आणि बावखलाचा विषय ती अजूनही टाळते. मी तिला क्षमेविषयी विचारलेले नाही. बंधूंनी नाकारल्यामुळे त्यांच्या सहाव्या भागाची मूळ रक्कमही मी हप्त्यांत धरली आहे, त्यामुळे फेडीला अजून काही वर्षे लागतील. मध्येच माझे काही बरेवाईट झाले तर उरलेली रक्कम माझ्या मालमत्तेतून आधी आत्याला द्यावी आणि मगच बाकीची वाटणी करावी, असे मी मृत्युपत्रात लिहून ठेवले आहे. ते का लिहिले याचे कारणही त्यात दिले आहे, आणि दोन्ही मुलांना ते वाचायला दिले आहे.